डोळ्याचं चालतं मॉडेल: मिनिटाला सहा थेंब

३ मे २०२५, शनिवार

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून २८ वर्षं काढली. तिथे डोळ्याचं एक मॉडेल होतं, प्लास्टरचं, उघडायचं आणि मिटायचं. रंग छान, पण आत कोरडं ठणठणीत. खरा डोळा पाण्याच्या जोरावर गोल राहतो, आणि त्या मॉडेलमध्ये नेमकं पाणीच नव्हतं.

आता निवृत्त आहे, वेळ आहे आणि कारणही आहे. ह्यांना फेब्रुवारीत काचबिंदू निघाला. डोळ्याचा दाब एका डोळ्यात २६, दुसऱ्यात २४ (नेहमीचा २१ पर्यंत). रोज रात्री एक थेंब टाकायचा, बस. पण हे आठवड्यातून तीनदा विसरतात, कारण "अगं, दुखत तर काही नाही!" तोंडाने सांगून थकले. म्हणून ठरवलं, पाणी आत येतं कुठून, जातं कुठे आणि तुंबलं की काय होतं, हे दिसेल असं काहीतरी बनवायचं. कुणाला करायचं असेल तर माझ्या चुका वाचून करा, पैसे वाचतील.

प्रमाण ठरवलं: पाचपट. माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर, म्हणजे आपला १२ सेंटिमीटर.

४ मे, रविवार

आधी खरा डोळा बघायचा म्हणून मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे चार डोळे आणले. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, फक्त "मावशी, कशात घालता?" एवढं विचारलं.

दोन लगेच उघडले, गॅलरीत, वर्तमानपत्रावर. पांढरं आवरण इतकं चिवट की भाजीच्या सुरीने नुसतं दबत होतं. ब्लेड आणावं लागलं. बुबुळाच्या कडेला ब्लेड टेकवलं आणि पिचकन पाणी उडालं, थेट चष्म्यावर. त्याच क्षणी डोळ्याचा पुढचा भाग मऊ पडून आत बसला. हे पुढच्या खोलीतलं पाणी. माणसात ते पाव मिलिलिटरच्या आसपास असतं, पण डोळा ताठ ठेवायचं काम तेच करतं.

मागच्या भागातून जेली निघाली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी पण अंगाने धरून राहणारी. भिंग म्हणजे टपोरा काचेचा मणी. ते वर्तमानपत्रावर ठेवलं तर राशिभविष्यातलं "मीन" मोठं होऊन दिसलं. दृष्टिपटल ओल्या टिश्यू पेपरसारखं, एका ठिकाणी, जिथून नस बाहेर जाते तिथेच घट्ट चिकटलेलं. बाकीचं पदरासारखं सुटून आलं. त्याच्या मागे निळा-हिरवा चमचमता थर होता. तो माणसात नसतो. रात्री गाडीच्या दिव्यात जनावराचे डोळे चमकतात ते त्याच्यामुळे. मुलांना दाखवणार असाल तर हे आधीच सांगा, नाहीतर ती तो थर माणसाच्या डोळ्यात शोधत बसतात.

चूक: उरलेले दोन डोळे फ्रीझरमध्ये ठेवले. सकाळी दोन्ही भिंगं खडूसारखी पांढरी. गोठवू नका, त्याच दिवशी कापा.

७ मे, बुधवार

क्रॉफर्ड मार्केटमधून सजावटीचे पारदर्शक गोळे आणले, दोन वाट्या एकमेकींत बसणारे. १२ सेंटिमीटरचे दोन (१८० रुपये एक), ८ सेंटिमीटरचा एक (९० रुपये). तिथून चालत प्रिन्सेस स्ट्रीट. १० सेंटिमीटर नाभीय अंतराचं काचेचं भिंग, १२० रुपये. घासाघीस जमली नाही.

घरी येऊन गोळ्यावरचा स्टिकरचा डिंक काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावला. अख्खी पुढची वाटी पांढरी, चरे-चरे. डोळ्यात फूल पडतं म्हणतात ना, तसं. १८० रुपये गेले. स्टिकर काढायला खोबरेल तेल लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, कापडाने पुसायचं. मला हे माहीत होतं. तरी केलं.

१० मे, शनिवार

दुसरा गोळा. भिंग काळ्या फाइलच्या कव्हरमधून कापलेल्या चकतीला लावलं. चकतीला मधोमध दीड सेंटिमीटरचं भोक, तीच बाहुली. चकती पुढून दोन सेंटिमीटर आत बसवली. गोळ्याच्या मागे बाहेरून बटर पेपर चिकटवला, तो पडदा.

संध्याकाळी खोलीतला दिवा घालवला आणि गोळा खिडकीकडे केला. समोरच्या चाळीची गॅलरी, वाळत घातलेल्या साड्या, सगळं पडद्यावर उलटं आणि स्वच्छ. शेजारचा नववीतला मुलगा ओरडला, "काकू, झालं की!" मीही खूश. दोघंही चुकलो होतो.

११ मे, रविवार

गोळ्यात पाणी भरलं आणि चित्र गायब. पडद्यावर नुसता उजेडाचा डाग.

दोन तास भिंग मागेपुढे करण्यात घालवले. मग मुलाने बटर पेपर सोलून गोळ्याच्या मागे हवेत धरला. अडीच सेंटिमीटर लांब धरल्यावर गॅलरी पुन्हा उमटली. म्हणजे चित्र पडत होतं, पण पडद्याच्या पलीकडे.

कारण साधं आहे, पण हातून चूक झाल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. काचेचं भिंग हवेत जेवढा प्रकाश वाकवतं त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा पाण्यात वाकवतं. आणि डोळ्यातलं भिंग कायम पाण्यातच असतं, पुढे पाणी, मागे जेली. मग प्रकाश वाकवतं कोण? पुढची काच, पारपटल. डोळ्याची एकूण ताकद ६० डायॉप्टरच्या (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते माप) आसपास, त्यातले ४३ एकट्या पारपटलाचे. विहिरीत पोहताना डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं ते म्हणूनच: बाहेरही पाणी आलं की पारपटलाचं वाकवणंच संपतं. शाळेत २८ वर्षं मुलांना "डोळ्यातलं भिंग प्रतिमा तयार करतं" असंच ऐकवलं गेलं आणि मी शेजारी उभी राहून परीक्षानळ्या धुतल्या.

१४ मे, बुधवार

पारपटल पांढऱ्या गोळ्यापेक्षा जास्त फुगीर असतं. माणसात त्याची त्रिज्या ७.८ मिलिमीटर, पाचपट केली तर ३९. ८ सेंटिमीटरच्या गोळ्याची त्रिज्या ४० मिलिमीटर. याहून जवळचं काय हवं!

मोठ्या गोळ्याला पुढे ५.८ सेंटिमीटरचं भोक पाडलं आणि लहान गोळ्याची टोपी कापून त्यावर बसवली. करवतीने कापू नका, तडा जातो (लहान गोळ्याची पहिली वाटी अशीच गेली, दुसरी होती म्हणून वाचले). सोल्डरिंगचं टोक गरम करून हळूहळू फिरवायचं आणि मग पॉलिश पेपरने कड घासायची. धूर वाईट, गॅलरीत करा. जोडायला फिश टँकचं पारदर्शक सिलिकॉन, १६० रुपये.

रात्रीच पाणी भरलं. गळलं. सिलिकॉनला पूर्ण २४ तास द्यायचे, पाकिटावर लिहिलेलं असतं.

१६ मे, शुक्रवार

पाण्यासकट चित्र पडद्यावर. टोपी जेमतेम अर्धा सेंटिमीटर जास्त पुढे आली आहे, एवढ्याशा फुगवट्याने चित्र अलीकडे, थेट पडद्यावर आलं. काहीही बदलायची गरज पडली नाही, भिंग तेच, जागा जवळपास तीच.

१८ मे, रविवार

मुलाचा हट्ट: भिंग जाड-बारीक होताना दाखवायचं, जवळचं-लांबचं बघताना होतं तसं. मऊ प्लास्टिकची पिशवी पाण्याने भरून भिंग केलं. हवेत मस्त काम करतं. पाण्यात बुडवलं की दिसेनासंच झालं. पाण्यात पाणी, प्रकाश वाकणार कशाने? खऱ्या भिंगात एक तृतीयांश प्रथिनं असतात म्हणून ते भोवतीच्या पाण्यापेक्षा दाट असतं.

मग साखरेचा पाक केला, गार करून पिशवीत भरला. चाललं! दोन बोटांनी कडा ओढल्या की भिंग चपटं, लांबचं स्पष्ट. सोडल्या की फुगीर, जवळचं. दोन तासांनी पिशवी पाझरली आणि ओट्यावर मुंग्यांची रांग. हा नाद सोडला. काचेचं भिंग परत.

२१ मे, बुधवार

जेलीचा प्रयत्न. चायना ग्रास गढूळ होतो, चित्र जातं. जिलेटिन (९५ रुपये) त्यापेक्षा स्वच्छ. पातळसर करून भिंगाच्या मागे ओतलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी दृष्ट लागावी असं. दुपारी दोनपर्यंत कडेने सुटलं, चार वाजता अर्धं पाणी आणि त्यात तरंगणारे ढेकळं. मे महिन्यातली लालबागची खोली, जिलेटिन टिकणार कसं.

पण ते ढेकळं बघताना थबकले. उजेडासमोर धरलं की पडद्यावर त्यांच्या सावल्या फिरत होत्या. मला स्वतःला साठीनंतर डोळ्यासमोर माश्या-जाळी दिसतात, त्या ह्याच. खऱ्या जेलीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि थोडे बारीक तंतू. वय वाढलं की ती अशीच सुटत जाते, तंतूंचे पुंजके होतात. पुढच्या खोलीतलं पाणी सतत बदलतं, ही जेली मात्र जन्माची असते, नवी भरली जात नाही. डोळ्यासमोर जुन्या चार माश्या असल्या तर असू देत. एकदम खूप नव्या दिसल्या, विजेसारखे झोत दिसले किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. दृष्टिपटल फाटत असू शकतं.

मॉडेलमधून जेली बाद. नुसतं पाणी. जिलेटिनची बाटली वेगळी दाखवायची.

२४ मे, शनिवार

आता मुख्य काम. केमिस्टकडून सलाईनचा सेट (११० रुपये). ह्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. आणि इथेच गंमत आहे. डोळ्यात पाणी तयार होतं मिनिटाला अडीच मायक्रोलिटरच्या आसपास. म्हणजे सलाईनचा एक थेंब पडायला वीस मिनिटं! दिवसाचं सगळं मिळून चार मिलिलिटरसुद्धा नाही, चहाचा चमचा भरत नाही. तरी पुढच्या खोलीतलं पाणी दीड-दोन तासांत बदलून निघतं.

आपला गोळा पाचपट, म्हणजे आकारमानाने १२५ पट. तेवढ्या पटीने मिनिटाला सहा थेंब.

पाणी यायची नळी काळ्या चकतीच्या मागे बसवली. खऱ्या डोळ्यात तिथेच भिंगाभोवतीच्या झालरीतून ते पाझरतं, बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यात जाळीतून गाळून बाहेर जातं, शेवटी रक्तात. शेजारच्या वहिनींनी विचारलं, म्हणजे हेच अश्रू का? नाही. अश्रू वेगळे, ते डोळ्याच्या बाहेर तयार होतात आणि नाकाकडे उतरतात. आतल्या पाण्याचा एक थेंबही गालावर येत नाही.

निळी शाई टोचून बघितली. निळा धागा बाहुलीतून अलगद पुढे आला, दोन मिनिटं सगळे गप्प. मग तासाभरात अख्खा गोळा निळा. जेली नसल्यामुळे शाई मागेही पसरली, आणि ९०० मिलिलिटर पाणी सहा थेंबांनी बदलायला दोन दिवस लागले असते. सगळं ओतून दिलं. शाईचा प्रयोग करायचा तर एकदाच, आणि शेवटी.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत दाखल. मे महिन्यात! नागदेवी स्ट्रीटला नळी आणायला जायचं होतं, राहिलं. गल्लीत पोटरीभर पाणी, आमच्या मोरीतून उलटे बुडबुडे. हे खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, पाणी काही जास्त पडलेलं नाही, जायला वाट नाही. मी लिहून ठेवलं.

२९ मे, गुरुवार

नळी आली. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक, ८० रुपये. ती गोळ्याला जोडून लाकडी पट्टीवर उभी बांधली. आतल्या दाबाने पाणी नळीत जेवढं चढेल तेवढा दाब. डॉक्टर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. १ मिलिमीटर पारा म्हणजे १३.६ मिलिमीटर पाणी. नेहमीचा दाब १० ते २१, म्हणजे पाण्याचा स्तंभ १४ ते २९ सेंटिमीटर.

बाहेर जायच्या वाटेत आधी स्पंज ठेवला. काही अडवलंच नाही, दाब शून्याजवळ. मग कापूस. पहिल्या दिवशी बरा, दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होऊन गच्च. पुन्हा हात जोडले.

शिवाय मी स्तंभ टेबलापासून मोजत होते. शून्य गोळ्याच्या मध्यावर धरायचं. सहा सेंटिमीटरची चूक दोन दिवस वहीत चालली.

१ जून, रविवार

सुई! इंजेक्शनची २६ नंबरची अर्ध्या इंचाची सुई बाहेरच्या वाटेत बसवली. सुईच्या पुढची नळी १२ सेंटिमीटर वर नेऊन तिथून थेंब पडू दिले, कारण डोळ्याबाहेरच्या शिरांमध्येही ८-१० मिलिमीटरचा दाब असतो, पाण्याला त्याच्यावर मात करूनच बाहेर पडावं लागतं. सहा थेंब चालू केले. स्तंभ चढत चढत १७ सेंटिमीटरवर आला आणि थांबला. १७ सेंटिमीटर म्हणजे साडेबारा. निरोगी डोळा. त्या दिवशी जेवणाला उशीर झाला.

पाणी उकळून, गार करून, गाळून भरा. नळाचं तसंच भरलं तर भिंतीला बुडबुडे धरतात आणि सुईत कण अडकतात.

४ जून, बुधवार

काचबिंदू दाखवायला वाट चिमटीने बंद केली. स्तंभ ५० पर्यंत जायला हवा होता, चाळिशीत रेंगाळला आणि थेंब बंद. कारण सलाईनची बाटली खिळ्यावर फक्त ६० सेंटिमीटर वर होती. आतला दाब वाढला की येणारं पाणीच कमी होत होतं. खरा डोळा असा समजूतदार नाही. बाहेरची वाट तुंबली तरी आत पाणी जवळपास तेवढंच तयार होत राहतं.

बाटली पोटमाळ्याच्या कठड्याला टांगली, पावणेदोन मीटर वर. आता फरक फार पडत नाही. एक सेट यात गेला, थेंब कमी-जास्त करायची चक्री तुटली. आणखी ११०.

८ जून, रविवार

ह्यांना समोर बसवलं. मागच्या बाजूला, नाकाकडे थोडं सरकवून एक भोक पाडलं होतं आणि त्यावर रबरी हातमोज्याचा तुकडा ताणून बांधला होता. नस बाहेर जाते ती जागा. डोळ्याच्या भिंतीत सगळ्यात नाजूक तीच. (आधी फुग्याचं रबर लावलं होतं, फार जाड, हललंच नाही.)

१७ वर स्तंभ स्थिर. मग फक्त सुई बदलली, २६ च्या जागी ३० नंबर, म्हणजे आणखी बारीक. दोन्ही सुया ह्यांच्या तळहातावर ठेवल्या होत्या, चष्मा लावूनही फरक सांगता आला नाही. येणारं पाणी तेच, सहा थेंब. स्तंभ हलला. २०, २५, ३०. चहा झाला. ४६ वर थांबला, म्हणजे जवळजवळ ३४. मागचं रबर बाहेर वाटीसारखं फुगलं होतं. डॉक्टर ह्यांच्या कागदावर "कप" लिहितात, तो हाच खोलगटपणा. तिथले नसेचे धागे मेले की परत येत नाहीत, आणि आधी जाते ती कडेची नजर, म्हणून कळतही नाही.

ह्यांचं बोट गोळ्यावर ठेवलं: काही कळतंय? "नाही." मुलगा लगेच म्हणाला, काकू, हे प्लास्टिक आहे, ते कसं कळेल. बरोबर आहे, तेवढी परीक्षा खोटी होती.

मग औषधं. चक्री फिरवून सहाचे चार थेंब केले, स्तंभ ३५ च्या खाली: टिमोलॉल हे करतं, पाणी तयार होणं कमी. परत सहा केले आणि बाजूची दुसरी सुई उघडली, स्तंभ सरसर १६ वर: लॅटानोप्रॉस्ट साधारण असं, पाण्याला बाजूने जायची वाट मोकळी. ह्यांचं हेच.

हे बराच वेळ स्तंभाकडे बघत होते. मग म्हणाले, "माझी सुई कितवा नंबर?"

"ते अहो, डॉक्टरांना विचारा."

१० जून, मंगळवार

हिशोब: एकूण १४०५ रुपये, त्यातले ४०० माझ्या चुकांचे. वेळ साडेपाच आठवडे. सगळं हाताशी असेल आणि सिलिकॉनला दम धरू दिला तर चार दिवसांत होईल. ३० नंबरची सुई दोन दिवस पाण्यात राहिली की तुंबते, जादा आणून ठेवा. मॉडेल जुलैमध्ये मुलाच्या शाळेत जाणार, तोवर टेबल अडलेलं.

आज वटपौर्णिमा. वडाला सात फेऱ्या मारून आले. रात्री नऊला ह्यांनीच आतून हाक मारली, "अगं, बाजूची मोरी उघडायची वेळ झाली." थेंब टाकला. टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. हे अर्ध्या मिनिटात बोट काढतात.